आंडरमाटचा त्रिकोण आणि हर्सिलचे देवदार

२८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन झालं. ५४ कामगार तिथे होते, बरेचसे लोखंडी कंटेनरमध्ये झोपलेले. ४६ जणांना वाचवलं, ८ जण गेले. त्या संध्याकाळी आमच्या जुन्या ट्रेकर मंडळींच्या ग्रुपवर नेहमीचा वाद पेटला. एक जण म्हणाला, झाडं तोडली की हेच होणार. दुसऱ्याने लिहिलं, निसर्गापुढे कुणाचं चाललंय? मग हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आणि विषय मिटला.

मी तेव्हा काही लिहिलं नाही. दोन्ही वाक्यं अर्धी खरी होती, आणि अर्धं खरं खोडायला चार ओळी पुरत नाहीत. तेव्हापासून टिपणं काढत होतो. ती आज लिहून काढतो आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माणा साधारण ३२०० मीटरवर आहे. वरचे बर्फाचे उतार झाडांच्या रेषेच्या कितीतरी वर. तिथे जो बर्फ सुटतो त्याला सुटण्याच्या जागी कुठलंही झाड अडवू शकत नाही, कारण त्या उंचीवर झाड उगवतच नाही. म्हणजे पहिल्या मित्राचं वाक्य माण्याला तरी लागू पडत नाही. पण म्हणून दुसऱ्याचं बरोबर ठरतं असंही नाही. डोंगरातली माणसं या बाबतीत हात जोडून बसलेली नाहीत, निदान सहाशे वर्षं तरी.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये लेकीकडे झ्युरिकला गेलो होतो. तिने आणि जावयाने विचारलं, बाबा, कुठे जायचं? मी म्हटलं, आंडरमाट. दोघांना वाटलं, मला बर्फ बघायचाय. मला बघायचं होतं एक जंगल. ग्योशेनेनला गाडी बदलायची, मग दातेरी रुळांवरची छोटी आगगाडी एका भयंकर अरुंद घळीतून वर चढते, आणि एकदम समोर रुंद, हिरवीगार, जवळजवळ बिनझाडांची दरी उघडते. उर्सेर्नची दरी. उंची साधारण १४४० मीटर. स्टेशनातून बाहेर पडलो की गावामागच्या उतारावर ते दिसतंच. उघड्या गवताळ डोंगरावर काळसर हिरव्या स्प्रूसचा एक त्रिकोण, टोक वर आणि पाया गावाकडे. बाकी सगळा डोंगर बोडका आणि गावाच्या डोक्यावर तेवढं जंगल. लेक म्हणाली, "बाबा, एवढं काय बघताय? पेडगावच्या डोंगरासारखंच तर आहे." पंधरा मिनिटं मी तिथून हललो नाही.

१३९७ साली उर्सेर्नच्या खोऱ्यातल्या लोकांनी सभा भरवून एक पत्र लिहिलं. या गावावरच्या जंगलातून कोणी काही न्यायचं नाही. लाकूड तर नाहीच, पण फांदी, डहाळी, झाडाखाली पडलेली शंकूसारखी फळंही नाहीत. जो नेईल त्याला दंड. जर्मन भाषेत अशा जंगलाला 'बानवाल्ड' म्हणतात, म्हणजे बंदी घातलेलं रान. राजाने किंवा सरदाराने हे फर्मान काढलेलं नव्हतं. गावसभेनेच स्वतःवर बंदी घालून घेतली होती.

आता हे लोक काही वृक्षप्रेमी नव्हते. त्यांच्याच आधीच्या पिढ्यांनी कुरणांसाठी, चुलीसाठी, घरांसाठी अख्खी दरी साफ केली होती. शिवाय गोटहार्ड खिंडीची वाट याच दरीतून, तिची वाहतूक वेगळी. एवढं सगळं तोडून झाल्यावर जो तुकडा उरला तो तोडला तर आपण हिवाळ्यात अंथरुणातच गाडले जाऊ, हे त्यांना कळलं. थंडीने काकडत असताना शंभर पावलांवरचं सरपण न तोडायचं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

आपल्याकडच्या वाचकाला हे वाचून देवराई आठवेल. मलाही आठवली. कोकणात, मावळात देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत, आणि उचलली तर घरावर संकट येतं असं सांगतात. गंमत म्हणजे आल्प्समध्येही अगदी तीच भाषा. शिलरने १८०४ मध्ये विल्हेल्म टेलवर नाटक लिहिलं, त्यात टेलचा मुलगा बापाला विचारतो की बंदीच्या रानातल्या झाडावर कुऱ्हाड मारली तर रक्त येतं म्हणतात, ते खरं का? बाप त्याला उत्तर देताना रक्ताचं काही बोलत नाही. ही झाडं नसती तर हिमस्खलनांनी गाव कधीच गाडलं असतं, एवढं सांगतो. शिलर स्वतः कधी स्वित्झर्लंडला गेला नव्हता, तरी ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. भीती आधी की कारण आधी, हे देवराईबाबतही मला नेहमी कोडं वाटत आलंय. असो.

तर झाड नेमकं करतं काय? बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं की वरून बर्फाचा लोंढा येतो आणि झाडं छाती काढून तो अडवतात. तसं फार थोडं होतं. मोठं हिमस्खलन आलं तर शंभर वर्षांची झाडं काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडतात, आणि ते ओंडके लोंढ्यात मिसळून खालच्या घरांना जास्तच लागतात. झाडाचं खरं काम लोंढा सुरू होण्याच्या जागी आहे. तो सुरूच होऊ न देणं.

उघड्या उतारावर बर्फ थरांनी साचतो. एक थर आज, एक चार दिवसांनी. मध्ये निरभ्र थंड रात्री गेल्या की वरच्या पृष्ठभागावर दवासारखे नाजूक हिमस्फटिक उगवतात. दिसायला सुंदर, पण त्यावर पुढचा दोन-तीन फूट बर्फ पडला की हा नाजूक थर आत गाडला जातो. रव्यावर फरशी ठेवावी तसं होतं. मग उतार तीस ते पन्नास अंशांचा असेल तर एखादा स्कीवाला, एखादा वाऱ्याचा झोत, किंवा नुसतं वरचं वजन पुरतं. शेकडो मीटर रुंदीची लादी एकदम सुटते.

जंगलात हे जमून येत नाही. निम्माशिम्मा बर्फ आधी फांद्यांवर अडकतो. त्यातला काही तिथूनच उडून जातो, उरलेला नंतर ढेकळांनी धपाधप खाली पडतो आणि खालचे थर विस्कटून टाकतो. सलग लादी तयारच होत नाही. झाडांची छत्री रात्री जमिनीची ऊब धरून ठेवते म्हणून ते नाजूक स्फटिक फारसे उगवत नाहीत. वारा आत शिरत नाही, त्यामुळे बर्फाचे ढिगारे एका बाजूला साचत नाहीत. आणि खोडं, बुंधे, पडलेले ओंडके बर्फाला खिळ्यांसारखे धरून ठेवतात. म्हणून सदाहरित सूचिपर्णी झाड इथे सगळ्यात कामाचं. लार्चसारखं झाड हिवाळ्यात पानं गाळतं, त्याची छत्रीच उरत नाही. आणि जंगलात उतारावर लांब मोकळी पट्टी पडली की त्या पट्टीतून हिमस्खलन सुटू शकतं, मग आजूबाजूला कितीही झाडं असोत.

जिथे दरवर्षी हिमस्खलन उतरतं त्या वाटेवरची झाडोरी वेगळीच असते. आल्प्समध्ये तिथे हिरवा अल्डर नावाचं झुडूप. ते बर्फाखाली आडवं झोपतं आणि उन्हाळ्यात परत उठतं. आपल्या हिमालयात तेच काम भूर्ज करतो, ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहायचे. भूर्जाचं खोड मुळाशी उताराच्या दिशेने वाकतं आणि मग वर वळतं. झाडांना लोंढ्याचा फटका बसला की खोडावर जखम राहते, आणि वर्षवलयं मोजून ती जखम कुठल्या हिवाळ्यातली हे आज सांगता येतं. जिथे माणसाने काही लिहून ठेवलेलं नाही तिथल्या हिमस्खलनांची बखर झाडांच्या अंगात सापडते.

हे मी पुस्तकात वाचायच्या आधी एकाने मला उतारावर उभं करून दाखवलं होतं. १९९१ च्या ऑक्टोबरात आम्ही सहा जण नाशिकहून गोमुखला गेलो होतो. भोजबासाच्या अलीकडे एका छानशा सपाट जागी तंबू टाकायला लागलो. सोबतचा खच्चरवाला खालच्याच एका गावचा, वयाने आमच्या वडिलांएवढा. तो म्हणाला, "साहेब, इथे नको." का? त्याने कडेची भूर्जाची झाडं दाखवली. सगळी एकाच बाजूला झुकलेली, माझ्या मनगटापेक्षा जाड एकही नाही. "मोठं झाड इथे होतच नाही, बघा." ऑक्टोबरात बर्फाचा धोका नव्हता, पण आम्ही मुकाट्याने तंबू हलवले.

गोष्ट इथे संपली असती तर मी मोठ्या अभिमानाने सांगितली असती. त्या रात्री थंडी मरणाची होती आणि आम्ही शेकोटीसाठी त्याच भूर्जाच्या फांद्या तोडून आणल्या. वाळक्या मिळाल्या तेवढ्या, मग ओल्याही. भोजबासा म्हणजे भूर्जांचा वास असलेली जागा, आणि तिथे नावापुरतेच भूर्ज उरले होते. आमच्याआधी हजारो यात्रेकरूंनी, साधूंनी, गिर्यारोहकांनी तेच केलं होतं. आम्ही शेवटचे नव्हतो एवढंच. पुढे गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथे भूर्जाची रोपं लावून जगवायचं काम अंगावर घेतलं, तेव्हा त्या बातमीतला फोटो बघून मला आमची शेकोटी आठवली होती.

आता अमेरिकेत जाऊ. १९१० सालचा फेब्रुवारी, वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वतातलं वेलिंग्टन नावाचं छोटं रेल्वे ठाणं. ग्रेट नॉर्दर्न कंपनीच्या दोन गाड्या, एक प्रवासी आणि एक टपालाची, बर्फामुळे तिथे अडकल्या. एक-दोन नव्हे, जवळजवळ सहा दिवस. वरचा उतार एके काळी दाट जंगलाचा होता. पण वणव्यांत तो जळून गेला होता, आणि त्या काळी रुळांच्या कडेच्या वणव्यांचं एक मोठं कारण म्हणजे इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्या. १ मार्चच्या मध्यरात्रीनंतर विजांचा कडकडाट झाला आणि तो बोडका उतार सुटला. दोन्ही गाड्या दरीत. ९६ माणसं मेली. शेवटचा मृतदेह बर्फ वितळल्यावर जुलैत सापडला. अमेरिकेच्या इतिहासातलं हे सर्वांत जीवघेणं हिमस्खलन.

खटला झाला. खालच्या कोर्टात मृताच्या बाजूने निकाल लागला, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ही देवाची करणी, कंपनी जबाबदार नाही. मग देवाच्या करणीनंतर कंपनीने काय केलं? ठाण्याचं नाव बदलून टाय ठेवलं, कारण वेलिंग्टन म्हटलं की प्रवासी घाबरायचे. रुळांवर छप्परं बांधली. आणि १९२९ मध्ये डोंगराच्या पोटातून पावणेआठ मैलांचा नवा बोगदा काढून ती वाटच सोडून दिली. कोर्टात जे टाळता येण्यासारखं नव्हतं ते अभियंत्यांना टाळता आलं. आमच्या ग्रुपवरचं ते हात जोडलेलं वाक्य बघितलं की मला हा निकाल आठवतो.

स्वित्झर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात अशीच वेळ आली होती, फक्त जास्त मोठ्या प्रमाणात. आंडरमाटसारखी थोडी रानं सोडली तर डोंगर उघडे पडत चालले होते. शेळ्या, कुरणं, खाणी, कोळसा पाडणं, शहरांना लाकूड. १८६२ मध्ये एलियास लांडोल्ट या वनतज्ज्ञाचा उंच डोंगरांतल्या जंगलांबद्दलचा अहवाल आला, त्यात परिस्थिती किती वाईट आहे ते स्पष्ट लिहिलं होतं. अहवालाचं जे होतं तेच झालं. मग १८६८ च्या शरदात मोठे पूर आले, पन्नासेक माणसं मेली, आणि अहवाल कपाटातून बाहेर निघाला. १८७६ मध्ये संघराज्याचा वनकायदा झाला. जंगलाचं क्षेत्र कमी होता कामा नये. एका जागी तोडलं तर दुसरीकडे लावायचं. आधी हा कायदा डोंगरी भागापुरता होता, १९०२ मध्ये देशभर लागू झाला.

हा कायदा राबवणारा माणूस होता योहान कोआझ. १८५० मध्ये पिझ बेर्निना या शिखरावर पहिल्यांदा चढलेला हाच. नंतर तो देशाचा मुख्य वननिरीक्षक झाला आणि नव्वदी ओलांडल्यावर, १९१४ मध्ये पद सोडलं. त्याने हिमस्खलनांच्या नोंदी करायला लावल्या. कुठून सुटतं, कुठवर येतं, किती वर्षांनी येतं. वनरक्षकांनी या नोंदी गोळा केल्या आणि १८८१ मध्ये त्याचं हिमस्खलनांवरचं पुस्तक आलं. वर दगडी भिंती आणि खाली नवी लागवड, ही जोडी त्याच्याच काळात रूढ झाली. भिंती का, तर नवी रोपं मोठी होईपर्यंत त्यांना सांभाळणारं कोणीतरी हवं. रोप बर्फाच्या सरकण्याने उपटून निघतं. जंगल बर्फाला धरतं हे खरं, पण त्याआधी पन्नास-साठ वर्षं आपल्याला जंगलाला धरावं लागतं.

आणि इथे एक कबुली द्यायला हवी. आज स्वित्झर्लंडचा सुमारे तिसरा हिस्सा जंगल आहे, त्याचं श्रेय एकट्या कायद्याला देणारे लेख मी बरेच वाचले. पण त्याच काळात रेल्वेने कोळसा आला म्हणून चुलीचं लाकूड वाचलं. डोंगरातली माणसं कारखान्यांत, अमेरिकेत गेली, शेळ्या कमी झाल्या. कुरणं सुटली आणि झाडं आपोआप वर चढली. ज्याच्या चुलीला दुसरं सरपण मिळालं त्याच्याकडून कायदा पाळला गेला.

शिवाय नुसती बंदीही पुरत नाही. कुऱ्हाड बंद पण शेळ्या चालू, अशा कित्येक बंदी-रानांत शेवटी सगळी झाडं म्हातारी झाली आणि खाली एक पोर नाही. म्हणून आता तिथले वनकर्मी मुद्दाम मधलं एखादं झाड तोडतात, उजेड आत येऊ देतात. १९९० च्या फेब्रुवारीत विव्हियान नावाच्या वादळाने डोंगरातली लाखो झाडं एका दमात पाडली. पहिला विचार असा की सगळं साफ करून नवी लागवड करू. काही ठिकाणी संशोधकांनी पडलेली झाडं मुद्दाम तशीच ठेवली, आणि दिसलं असं की आडवेतिडवे पडलेले ओंडके कित्येक वर्षं बर्फ धरून ठेवतात. तोवर त्यांच्या आडोशाला नवी रोपं उठतात. तोडायचंच असेल तर बुंधा गुडघ्याच्या वर ठेवून तोडा, हा नियम त्यातूनच. आपल्याकडे पडलेलं झाड म्हणजे लिलाव, हे समीकरण डोक्यातून जायला वेळ लागेल.

तरीसुद्धा १९५१ आलं. त्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून जास्त माणसं हिमस्खलनांत मेली, त्यातली ९८ स्वित्झर्लंडची. २० जानेवारीला आंडरमाटमध्येच १३ जण गेले. साडेपाचशे वर्षं जपलेलं जंगल डोक्यावर असूनही. त्यानंतर दाव्होसच्या हिमसंशोधन संस्थेचं काम वाढलं, वरच्या उतारांवर पोलादी अडसर बसले, कुठे घर बांधायचं नाही याचे नकाशे झाले. १९९९ च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच हिवाळा आला तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये १७ जण दगावले. पण शेजारी ऑस्ट्रियात गाल्ट्यूर या एका गावातच ३१. तिथला बर्फ झाडांच्या रेषेच्या खूप वरून सुटला होता आणि नकाशावर जो भाग सुरक्षित होता तिथवर आला. पोलादी अडसरांचा खर्च हेक्टरी दहा लाख फ्रँकच्या घरात जातो. आज स्वित्झर्लंडच्या जवळजवळ निम्म्या जंगलावर 'संरक्षक वन' असा शिक्का आहे, आणि ते सांभाळायला सरकार डोंगरी गावांना पैसे देतं. हिशेब सरळ आहे, झाड स्वस्त पडतं.

आता आपला हिमालय. हर्सिलला गेला असाल तर विल्सनचं नाव ऐकलंच असेल. फ्रेडरिक विल्सन, पहाडी विल्सन म्हणायचे त्याला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याने टिहरीच्या राजाकडून भागीरथीच्या वरच्या खोऱ्यातले देवदार तोडायचा ठेका मिळवला, ओंडके नदीत सोडून हरिद्वारला काढले, आणि ते रेल्वेच्या रुळांखाली गेले. पुढे इंग्रज सरकारच या धंद्यात उतरलं. १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव झालं, पण राखलं ते सरकारसाठी. कुमाऊंमध्ये गावांची रानं काढून घेतली तेव्हा १९२१ मध्ये लोकांनी जंगलांना आगी लावल्या. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ती वापरली त्यांनीच. सरकारने समिती नेमली, आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. थोडी रानं गावांच्या ताब्यात परत गेली, त्यातल्या अनेक पंचायती आजही चालू आहेत. हे आंडरमाटच्या सगळ्यात जवळ जाणारं आपलं उदाहरण आहे आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात ते मला कधी भेटलं नाही.

पुस्तकात भेटलं ते चिपको. २६ मार्च १९७४, रेणी गाव, गौरादेवी आणि त्यांच्यासोबतच्या बायका. त्यांना हे शिकवलं होतं १९७० च्या अलकनंदेच्या पुराने. पुढे डोंगरात हजार मीटरवर हिरव्या झाडांच्या तोडीवर बंदी आली. तीही वरून आली. घराच्या वाशासाठी, रस्त्यासाठीही गावकऱ्याला परवानग्यांच्या फेऱ्या मारायला लागल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याच पहाडात 'पेड काटो' आंदोलन झालं. चिपकोवर लिहिणारे हा भाग बहुधा गाळतात.

आणि मग ७ फेब्रुवारी २०२१. रोंती शिखराच्या कुशीतून, साधारण साडेपाच हजार मीटरवरून, २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ एकदम सुटला. तो ऋषीगंगेच्या खोऱ्यातून खाली आला, दरीतलं जंगल खरवडत, आणि दोन जलविद्युत प्रकल्प घेऊन गेला. दोनशेहून जास्त माणसं मृत किंवा बेपत्ता. पहिला तडाखा बसला तो रेणीला. ज्या गावाने झाडं वाचवली तेच. त्यानंतर कुणीतरी लिहिलं होतं, बघा, झाडं वाचवून काय मिळालं? मला त्याचा राग आला होता, पण उत्तर चटकन सुचलं नव्हतं. आता देता येईल. रेणीच्या बायकांनी त्यांच्या डोक्यावरचा उतार सांभाळला होता. कितीतरी उंचावरच्या कड्याची हमी त्यांनी दिली नव्हती. त्या कड्याखालच्या अरुंद नदीत कामगारांना उतरवायचं की नाही, हे ठरवणारे दुसरे होते.

म्हणूनच मला हर्सिलची काळजी वाटते. तिथे गोष्ट उलटी आहे. माण्याला आणि रेणीला झाड हा प्रश्नच नव्हता. हर्सिल ते गंगोत्री या टप्प्यात देवदार सदाहरित, जुने, आणि नेमके त्या उतारांवर उभे आहेत जिथे झाड कामाचं असतं. मधूनमधून वरून येणाऱ्या हिमस्खलनाच्या नाळी, आणि दोन नाळींच्या मधल्या उताराला धरून ठेवणारं रान. विल्सननंतर दीडशे वर्षांत जे परत उभं राहिलं ते हे. २०१२ मध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. चारधाम रस्त्याच्या प्रकरणात १४ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने लष्कराची गरज मान्य करून रुंद रस्त्याला परवानगी दिली. लष्कराची गरज मी नाकारत नाही, सीमा तिथून किती जवळ आहे ते मी चालून पाहिलंय. पण या टप्प्यातले हजारो देवदार तोडायचे का, हा वाद अजून चालूच आहे, आणि बातम्यांत मला फक्त झाडांचा आकडा दिसतो. इतके तोडणार, त्याच्या दुप्पट लावणार. कुठे लावणार? पायथ्याच्या मैदानात लावलेली दहा रोपं हर्सिलच्या वरच्या एका झाडाची जागा घेत नाहीत. आणि ज्या रस्त्यासाठी ती तोडायची, हिवाळ्यात बर्फ सुटला तर त्याच रस्त्यावर येणार आणि त्यावरून जवानांची गाडी जात असणार.

मंत्रालयाला पाठवायला मी एक पत्र लिहिलंय. झाडं वाचवा असं त्यात म्हटलेलं नाही. मागण्या तीनच आहेत. कुठलं रान कुठल्या नाळीच्या कडेला आणि कुठल्या वस्तीच्या वर उभं आहे, याचा नकाशा तोडीच्या आकड्यासोबत लोकांसमोर ठेवा. तो धराली, हर्सिल, मुखबाच्या ग्रामसभांत वाचून दाखवा. आणि जिथे तोड अटळ आहे तिथे बुंधे उंच ठेवा, पडलेले ओंडके उचलू नका. आमच्या सहा जणांपैकी चौघांच्या सह्या झाल्या आहेत. पाचवा आता नाही. सहावा म्हणतो, पत्रांनी काही होत नाही, तरी त्यालाही पाठवलंय. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकतो. हिमालयात राहिलेल्या, तिथे नोकरी केलेल्या कुणाला त्यात चूक दिसली तर सही करण्याआधी ती सांगा.